चौथी चावी

सोमवार, ५ ऑक्टोबर

ताई, तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून ‘आई गं’ म्हणतेस, की आता तेवढाही दम उरत नाही? भाऊजींचा खोकला बसला का? त्यांना म्हणावं, पाहुणा महिनाभर राहिला की त्याची पिशवी आपणच भरून द्यायची असते. सूनबाईंची पाठ कशी आहे? नातवाचा हात प्लास्टरमधून सुटला का? आणि तुझी ती एका डोळ्याची मांजर? भाऊजींची खुर्ची अजून तिच्याच नावावर आहे ना?

मी बरा आहे. साखर आटोक्यात आहे, दात तेवढे एकेक करून रजा घेतायत. दुकान सकाळी उघडतो, दुपारी बंद करतो. भिंगरीचंही ठीक चाललंय. तिच्या स्वयंपाकघरातला नळ किती दिवस ठिबकत होता, गेल्या आठवड्यात त्याचा वायसर बदलला, आता एक थेंब

इथपर्यंत लिहिलं आणि हात थांबला. हे पत्र ताईला पाठवता यायचं नाही. ती मला पाळण्यात असल्यापासून ओळखते. वाचता वाचता चष्मा कपाळावर सरकवेल आणि विचारेल, काय रे, लेकीने तुला पाच महिने उंबरा ओलांडू दिलेला नाही, मग तिचा नळ तुला कुठून दिसला?

म्हणून हा कागद या वहीत चिकटवला. वही ताईनेच दिलेली, तीन वर्षांपूर्वी, भिंगरीची आई गेली तेव्हा. म्हणाली होती, जे कुणाला सांगवत नाही ते यात लिही, मलासुद्धा दाखवू नको. तीन वर्षं कोरीच होती. आता लिहितो.

भिंगरी माझी एकुलती एक लेक. लहानपणी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून हे नाव. दोन वर्षांपूर्वी तिने आणि जावयाने घर घेतलं, तेव्हा दाराचं कुलूप मी माझ्या हाताने बसवून दिलं. चावीवाला बाप लेकीला दुसरं काय देणार? कुलपाबरोबर तीन चाव्या होत्या. एक तिला, एक जावयाला, एक त्यांच्या खुंटीवर. चौथी मी त्याच संध्याकाळी दुकानात कानशीने घासून काढली. लेकीची हरवली तर असावी, असं स्वतःला सांगितलं. तिला सांगितलं नाही.

माझ्या वस्तादाने मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, गिऱ्हाइकाच्या चावीची नक्कल ठेवणारा चावीवाला नव्हे, चोर. शेहेचाळीस वर्षांत मी एकाही गिऱ्हाइकाची ठेवली नाही. ठेवली ती फक्त पोटच्या पोरीची.

मे महिन्यात मी न सांगता तिच्याकडे गेलो. जावयाने भिंतीवर फळी ठोकली होती, ती तिरकी होती. मी बोलून गेलो की या माणसाला खिळा आणि खुंटी यातला फरक कळत नाही. बोलण्यातून बोलणं वाढलं आणि जुनं वर आलं. भिंगरी वीस वर्षांची असताना मी तिच्या पेटीचं कुलूप तारेने उघडलं होतं. आत याच मुलाची पत्रं होती. ती मी तिच्या आईसमोर मोठ्याने वाचून दाखवली होती. त्या दिवशी कुलपावर ओरखडाही उठला नव्हता, इतकं माझं काम स्वच्छ. मे महिन्यात तिने फक्त एवढंच म्हटलं, ‘बाबा, मी बोलावीन तेव्हा या. तोवर नको.’

ती बोलावत नाही. आणि मी जुलैपासून दर मंगळवारी जातो. ती चष्म्याच्या दुकानात असते, जावई छापखान्यात. मी दार उघडतो, तासभर बसतो, येतो.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

गेलो होतो. स्वयंपाकघराच्या दाराची बिजागरी कुरकुरत होती, तिला दोन थेंब तेल दिलं.

मी तिथं काही घेत नाही, हे लिहून ठेवतो. एक ग्लास पाणी पितो. ग्लास धुतो, पुसतो, फडक्याच्या घडीवर पालथा ठेवतो. मग खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो. तिच्या घरातलं घड्याळ माझ्या घरातल्यापेक्षा हळू वाजतं. न्हाणीघरातून साबणाचा वास येतो, तिची आई वापरायची तोच. झोपायच्या खोलीत कपाटाला एक खण आहे, त्याला इवलंसं कुलूप. तिकडे मी पाहत नाही. ते कुलूप कसलं, केसांच्या पिनेलाही लाजेल. पण पाहत नाही.

रविवार, ११ ऑक्टोबर

आज चर्चमध्ये उपासनेला आमचे पाळक चांगलं बोलले. माझ्या मुलाच्या वयाचे आहेत, मला मुलगा असता तर. म्हणाले, प्रभू दाराशी उभा राहून ठोठावतो. मी चावीवाल्याच्या कानाने ऐकलं. ज्याने दार केलं, दारातला माणूसही केला, त्याने बाहेर तिष्ठत का उभं राहावं? टिचकी मारली तर उघडेल. घरी येईपर्यंत विचार केला, उलगडलं नाही, सोडून दिलं.

पुढे ते पापावर बोलले. या बाबतीत माझी प्रगती आहे असं मी समजत होतो. मे महिन्यापासून राग सोडायचा निश्चय केलाय, न रागावलेल्या प्रत्येक दिवसापुढे कॅलेंडरवर फुली मारतो. पाच महिन्यांत एकदाही आवाज चढवला नाही. खरं सांगायचं तर चढवायला घरात आहे कोण? एक पाल आहे, ती ऐकून न ऐकल्यासारखं करते.

पण ते चावीबद्दल बोलत आहेत असं मला आज सारखं वाटत होतं. चावीचं नावही त्यांनी घेतलं नाही. शेवटी उपासना संपल्यावर चावी पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं आणि त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, माझी एक वस्तू आहे, तुमच्याकडे राहू द्या, परत मागितली तरी देऊ नका. त्यांनी विचारलं नाही काय आहे.

घरी येताना पायाखाली कापूस होता. संपलं एकदाचं.

मंगळवार, १३ ऑक्टोबर

संपलं नाही.

सकाळी दुकानात बसलो होतो. समोर कोऱ्या चाव्यांची पेटी. कोपऱ्यावरच्या मशीनवाल्याला चावी करायला नमुना लागतो. यंत्राला नमुना दाखवतो, यंत्र घासतं आणि हा चहा पितो. मला नमुना लागत नाही. भिंगरीच्या चावीला पाच खाचा आहेत: खोल, उथळ, उथळ, मध्यम, खोल. जिभेला प्रार्थना पाठ असते तशा माझ्या बोटांना त्या पाठ आहेत. पहिली खाच पाडली ती नुसती गंमत म्हणून. पाचवी पाडली तेव्हा बारा मिनिटं झाली होती.

कुलपात पहिल्या झटक्यात फिरली. लाज नंतर आली. आधी अभिमान वाटला. तेही लिहून ठेवतो.

आत गेलो तर भिंगरीचा गबाळेपणा पाहून नवल वाटलं. पोर टापटिपीची. पण ओट्यावरच्या कपाटाचं दार एका बिजागरीवर लोंबत होतं आणि खाली वाटीत चारही स्क्रू, शेजारी पेचकस. जावयाने काम काढलं असणार आणि दोन मिनिटांत हात टेकले असणार. मी बसवून टाकलं. खिडकीजवळच्या खुर्चीवर नवी उशी आहे, पाठीला बरी लागते. खुर्चीही उजेडाकडे वळवून ठेवली होती.

रविवार, १८ ऑक्टोबर

उपासनेनंतर पाळकांपाशी गेलो आणि सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं: पेटी, पत्रं, चौथी चावी, मंगळवार, आणि त्यांना चावी देऊन दोनच दिवसांत मी पाचवी केली तेही.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग टेबलाच्या खणातून माझं पाकीट काढून मला परत दिलं. म्हणाले, ‘काका, तुम्ही लोखंड दिलंत. हात तुमच्याकडेच राहिले.’

मी म्हटलं, मग हात कसे द्यायचे, तोडून? ते म्हणाले, जिचं कुलूप आहे तिला जाऊन सांगा. तेवढंच.

मी त्यांच्यापुढे काय काय ठेवलं ते लिहितानाही हसू येतं. म्हटलं, महिनाभर उपास करतो. वर्षभर चर्चचा जिना झाडतो. मंडळीतल्या प्रत्येकाच्या घरचं कुलूप दुरुस्त करून देतो. ते म्हणाले, हे सगळं तुम्हाला जमतं. जे जमत नाही ते घेऊन प्रभूपुढे उभे राहा, तो काय करतो ते बघा.

मी विचारलं, आणि तिने दार कायमचं लावून घेतलं तर? आत्ता निदान मंगळवार आहे. मग तोही जाईल. मला दुसरं कोणी नाही.

यावर त्यांनी काहीतरी गोड बोलायला हवं होतं. पण म्हणाले, तसं होऊ शकतं, मी हमी देऊ शकत नाही. प्रामाणिक माणूस. मला राग आला. डॉक्टरसुद्धा थोडं खोटं बोलतात.

कृपा फुकट असते, असं मी लहानपणापासून ऐकत आलोय. पण ज्याने जन्मभर घासून घासून एकेक खाच पाडली त्याला फुकटचं पचत नाही. कॅलेंडरवरच्या फुल्या मोजायची सवय झाली आहे मला. आज फुली मारली नाही.

मंगळवार, २० ऑक्टोबर

न जायचं ठरवून गेलो.

ओट्यावर माझा नेहमीचा ग्लास काढलेला होता, त्यावर बशी, बशीत दोन बिस्किटं. शेजारी पुडा. पुड्यावर लिहिलं होतं: साखर नाही.

पुडा उलटून पुन्हा वाचला. या घरात बिनसाखरेची बिस्किटं कोण खातं? जावई गोडाचा शौकीन, तो नव्हे. म्हणजे भिंगरी. माझ्या आईला साखर होती, मला आहे, आता हिला. माझ्याकडून घेण्यासारखं दुसरं काही नव्हतं का पोरीला? बिचारी सकाळच्या घाईत खायची विसरून गेली असेल.

एक बिस्किट खाऊन पाहिलं. भुसा बरा.

शुक्रवार, २३ ऑक्टोबर

दोन दिवस जेवण गेलं नाही. आज चष्म्याच्या दुकानासमोर पलीकडच्या फुटपाथवर उभा राहिलो. काचेतून ती दिसत होती. एका म्हाताऱ्याच्या कानामागे चष्म्याची दांडी बसवून देत होती, वाकून, हळूच. मला वाटलं वाळली आहे. मग वाटलं काचेमुळे तसं दिसत असेल.

रस्ता ओलांडून विचारायचं होतं, पोरी, औषध घेतेस ना, पायाची काळजी घेतेस ना, जखम झाली तर लपवू नको. हे सगळं मला माहीत आहे, पंधरा वर्षांचा अनुभव आहे. एरवी कुणालाही सांगत सुटतो. पण लेकीला विचारणार कसं? ती म्हणेल, तुम्हाला कोणी सांगितलं?

चोरून मिळालेली काळजी अशी असते. ती करता येत नाही, नुसती बाळगता येते.

मंगळवार, २७ ऑक्टोबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करतो.

आत गेलो तो सरळ झोपायच्या खोलीत. तपासणीचे कागद असतील तर त्या खणातच असणार. खिशात तार होती. सकाळी दुकानातून निघताना मी ती घेतली होती आणि घेतोय हे मला ठाऊक होतं. स्वतःला सांगत होतो की हे वाचणं म्हणजे पत्रं वाचणं नव्हे, बापाने लेकीची तब्येत पाहणं यात पाप काय? तेव्हासुद्धा असंच सांगितलं होतं. तेव्हासुद्धा तिच्या भल्यासाठीच होतं.

खणापुढे गुडघ्यावर बसलो, कारण कुलूप खाली आहे. प्रार्थनेसाठी बसलो नव्हतो. तार कुलपाशी नेली. खणाच्या फटीवर भिंगरीचा एक लांब केस चिकटलेला होता. लहानपणी वेणी घालताना कंगव्यात यायचा तसा, टोकाला किंचित कुरळा. उघडलं असतं तर तुटला असता.

त्या केसाकडे किती वेळ बघत होतो सांगता येत नाही. माझा हात मागे येत नव्हता. मी मनात म्हणत होतो, हात मागे घे, हात मागे घे. हात ऐकेना. शेवटी तोंडाने बोललो. म्हटलं, ‘प्रभू, मला हे जमत नाही. मला थांबायचंसुद्धा नाहीये. आता तू बघ.’

दिवा पेटला नाही, आवाज आला नाही. घड्याळ हळूच वाजत होतं. पण थोड्या वेळाने मी उभा होतो, तार खिशात होती, आणि मी दाराबाहेर येऊन कुलूप लावत होतो. मी जिंकलो असं मुळीच वाटलं नाही. कुणीतरी लहान मुलाला दंडाला धरून बाहेर आणावं तसं वाटलं. आज पाणीसुद्धा प्यालो नाही.

शनिवार, ३१ ऑक्टोबर

भिंगरीला चार पत्रं लिहिली, चारही फाडली. चारहीमध्ये मी चांगला माणूस होतो.

समोर जाऊनच सांगावं लागणार. साखरेचंही विचारता येईल. मग ती दार लावून घेईना का. नाही, असं सहज लिहितोय ते खोटं आहे. तिने दार लावलं तर मी काय करीन मला माहीत नाही.

मंगळवार, ३ नोव्हेंबर

चार वाजल्यापासून तिच्या दाराबाहेर पायरीवर बसलो. मुठीत चावी होती. दोन्ही होत्या, चौथी आणि पाचवी. दाराकडे पाठ करून बसलो, म्हणजे बरं.

सव्वापाचला ती जिना चढून आली. खांद्याला पिशवी, हातात छत्री. मला पाहून थबकली.

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘बाहेर का बसलात?’

त्या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मी मूठ उघडून दोन्ही चाव्या तिच्यापुढे धरल्या आणि बोलत सुटलो. कुलूप बसवलं त्या संध्याकाळपासून पाळकांपर्यंत आणि गेल्या मंगळवारच्या तारेपर्यंत सगळं. तिने पिशवीही खाली ठेवली नाही. शेवटी मी म्हटलं, ‘आणि तुला साखर झालीय ते मला कळलंय. रागाव, पण औषध वेळेवर घे.’

‘मला?’

‘बिस्किटं पाहिली मी.’

‘बाबा, ती तुमच्यासाठी होती.’

ती पायरीवर बसली, माझ्यापासून दोन हात लांब. तिला जुलैतल्या पहिल्याच मंगळवारी कळलं होतं. फडक्याच्या घडीवर ग्लास पालथा घालणारी जगात दोनच माणसं, म्हणाली, आई आणि तुम्ही. कपाटाची बिजागरी तिनेच सोडवून ठेवली होती. उशी तिनेच आणली होती. घरी बोलवायला तोंड उघडत नव्हतं, म्हणाली, आणि कुलूप बदलायला हात धजत नव्हता.

मला वाटलं, सुटलो. पण ती पुढे बोलली, आणि आवाज चढला तो तेवढा एकदाच. ‘नळ कोणी केला म्हणून यांनी विचारलं, तर मी म्हटलं मी केला. बिजागरीला तेल कोणी घातलं, मी घातलं. तुमच्यासाठी मी माझ्या नवऱ्याशी चार महिने खोटं बोलले, बाबा.’

मी एकटाच पाप करतोय असं समजत होतो. तिलाही त्यात ओढलं होतं.

मग तिने खणाचं सांगितलं. दर मंगळवारी सकाळी ती तिथं फटीवर आपला एक केस चिकटवून जायची. संध्याकाळी आल्यावर आधी तो बघायची, मग चपला काढायची.

‘तुटला होता?’ मी विचारलं.

तिने मान हलवली. ‘एकदाही नाही.’ आणि पदराने नव्हे, रुमालाने नव्हे, त्या छत्रीच्या ओल्या कापडानेच तिने डोळे पुसले. गेल्या मंगळवारी मी तिथे तार घेऊन बसलो होतो, हेही मी तिला सांगितलंच होतं. म्हणजे तिला ठाऊक होतं की केस माझ्या चांगुलपणाने राहिला नव्हता. तरी ती रडली.

मी म्हटलं, चाव्या घेऊन भागणार नाही, त्या माझ्या बोटांत आहेत. कुलूप बदल. कोपऱ्यावरच्या मशीनवाल्याला बोलाव. कुठलं बसवलं ते मला सांगू नको आणि चावी माझ्या नजरेला पडू देऊ नको.

‘मशीनवाल्याला?’ ती म्हणाली. ‘तुम्हाला झोप येईल का?’

‘नाही येणार,’ मी म्हटलं. ‘तरी बोलाव.’

ती उठली, कुलूप उघडलं. आत या म्हणाली नाही. उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, रविवारी पाचला या. आणि यांना तुम्हीच सांगायचं, मी नाही सांगणार.

दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज आला. मी जिना उतरलो.

सोमवार, ९ नोव्हेंबर

ताई, महिन्याभराने लिहितोय. तुझ्या वहीतली मागची सगळी पानं फाडून या पत्रासोबत पाठवतो आहे. दाखवू नको म्हणाली होतीस, पण आता दाखवतो. आधी ती वाच, मग हे. मधे चष्मा कपाळावर सरकवायचा असेल तर सरकव.

काल रविवारी पाचला गेलो. दाराला नवं कुलूप आहे. मी मान वळवून उभा राहिलो, तरी ओझरतं दिसलंच. पट्टी तिरकी बसवली आहे ताई, चांगली बोटभर तिरकी, आणि एका स्क्रूचं डोकं खाल्लंय. माझा हात खिशातल्या पेचकसाकडे गेला. मग आठवलं की पेचकस मी मुद्दाम घरी ठेवून आलोय.

ठोठावलं. आतून काही नाही. पुन्हा ठोठावलं. शेहेचाळीस वर्षांत मी दाराबाहेर असा कधी उभा राहिलो नव्हतो. मला बोलवायचे ते दार उघडायलाच, त्यामुळे मी वाट बघायचा प्रश्न नव्हता. तिथं उभा असताना मला पाळकांचं ते बोलणं आठवलं. ज्याला कुठलंही दार उघडता येतं, तोच बाहेर उभा राहून ठोठावतो. त्या रविवारी मला ते वेडेपणाचं वाटलं होतं. आपण उघडणं निराळं, ताई, आणि आपल्यासाठी उघडलं जाणं निराळं. पहिलं मला फार चांगलं येतं. दुसरं मला येण्याजोगं नाहीच, ते मिळतं तेवढंच.

दार जावयाने उघडलं. ‘या’ म्हणाला, हसला नाही. भिंगरी खिडकीपाशी उभी होती. मी बसायच्या आधीच त्याला सांगितलं, उभ्यानेच, कारण बसलो असतो तर सांगवलं नसतं. फळीबद्दल जे बोललो होतो त्याचीही माफी मागितली. ती फळी अजून तिरकी आहे, पण त्यावरची एकही वस्तू पडत नाही, हे मी काल प्रथमच पाहिलं.

त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो माझ्याकडे बघत नव्हता, भिंगरीकडे बघत होता, आणि ती जमिनीकडे. मग तो आत गेला. बराच वेळ आला नाही. नळ सोडल्याचा आवाज आला. मला वाटलं आता येऊन दार दाखवील. त्याने पाण्याचा ग्लास आणला आणि माझ्यासमोर ठेवला. प्यालो. धुवायला उठलो तर म्हणाला, राहू द्या.

अर्धा तास बसलो. खुर्चीवर उशी होती.

निघताना तो दारापर्यंत आला. म्हणाला, ‘पुढच्या वेळी बेल वाजवा. ठोठावलेलं आत ऐकू येत नाही.’

जिना उतरेपर्यंत मला पहिले दोन शब्दच ऐकू येत होते.

एवढं सांगून मी सगळं गोड झालं असं म्हणणार नाही. पुढची वेळ कधी ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. भिंगरीने माफ केलं असं म्हटलेलं नाही. आज दुकानात बसलो असताना बोटांनी पुन्हा हवेतच पाच खाचा मोजल्या. कुलूप गेलं तरी बोटं विसरत नाहीत. मोजून झाल्यावर मी तेच म्हटलं जे खणापुढे म्हटलं होतं, मला जमत नाही, तू बघ. बहुतेक रोज म्हणावं लागणार. कॅलेंडरवर आता फुल्या मारत नाही.

उद्या मंगळवार. उद्या मला कुठे जायचं नाही. गेल्या आठवड्यापर्यंत सहा दिवस कसेतरी ढकलले की सातवा यायचा. आता सातही सारखेच झालेत, आणि त्यातला हा एक जरा जास्तच लांब वाटतो. दुकान मी उशिरापर्यंत उघडं ठेवीन म्हणतो.

तुझे गुडघे, भाऊजींचा खोकला, सूनबाईंची पाठ, नातवाचा हात, मांजर, सगळ्यांचं सविस्तर कळव. सविस्तर नाही जमलं तर दोन ओळी पुरेत. पण उशीर लावू नको, ताई. आणि जमत असेल तर टपालात अशा दिवशी टाक, की माझ्या हातात मंगळवारी पडेल.